आधी कीर्द, मग खतावणी : संगणकाच्या धंद्यातील कारकीर्द लिहून काढण्याची एक रीत

संगणकाच्या धंद्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसला, की पहिल्या पानावर जन्मगाव आणि घराणे येते, चौथ्या पानावर शाळेतले गुरुजी येतात, आणि संगणक येईपर्यंत वहीही संपते आणि उत्साहही. माझ्या दोन वह्या अशाच गेल्या. १९८५ साली मी दुरुस्ती अभियंता म्हणून एका संगणक कंपनीत लागलो आणि २०१७ साली दुसऱ्या एका कंपनीच्या वैयक्तिक संगणक विभागाचा पश्चिम भारताचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. मधल्या बत्तीस वर्षांत कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि पुन्हा कोल्हापूर असा फेरा पूर्ण झाला. तिसरी वही मात्र तडीस गेली, कारण तिच्यासाठी मी एक जुनी रीत उचलली. ज्यांनी कधीकाळी कोल्हापूरच्या राजारामपुरीत संगणकाची दुकाने थाटली, साखर कारखान्यांत यंत्रे बसवली किंवा मोठ्या कंपन्यांत माझ्यासारख्याच खुर्च्या उबवल्या, असे माझे अनेक समवयस्क आता लिहिण्याच्या वयाचे झाले आहेत आणि सुरुवात कुठून करायची असे विचारतात, म्हणून ती रीत येथे सविस्तर मांडत आहे.

रीत माझ्या वडिलांची आहे. ते कोल्हापूरच्या शाहूपुरीतील एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. दिवसभरात जे घडले ते घडले त्याच क्रमाने रोजकीर्दीत चढवायचे आणि नंतर सवडीने त्याच नोंदी खातेवार फोडून खतावणीत न्यायच्या, हा त्यांचा नेम होता. कीर्दीत कुणाची स्तुती नसते आणि निंदाही नसते. अमक्याचे इतके रवे आले, तमक्याला इतकी उचल दिली, एवढेच असते. त्या शेतकऱ्याशी वर्षभराचा व्यवहार कसा झाला हे खतावणीचे पान उघडल्यावर कळते. कारकीर्द या शब्दात कीर्द ऐकू येते खरी, परंतु आठवणी लिहिणारे बहुतेक जण थेट खतावणीच लिहायला घेतात, आणि जेथे शिल्लक जुळत नाही तेथे ती कल्पनेने जुळवून टाकतात.

कागद आधी, आठवण नंतर

कीर्द लिहिताना आठवणीवर विसंबू नये. घरात जो जो कागद सापडेल तो प्रथम एका जागी आणावा. नेमणुकीची आणि बढतीची पत्रे माणूस जपून ठेवतो, पण लिहिण्याच्या दृष्टीने त्यांचा उपयोग बेताचाच असतो. खरा उपयोग होतो तो दुर्लक्षित कागदांचा : जुनी व्हिजिटिंग कार्डे, दरपत्रके, कोटेशनच्या प्रती, देखभाल करार, दुरुस्तीच्या कॉलचे कार्बन लावून भरलेले तक्ते, आणि सर्वांत मोलाची म्हणजे प्रवास भत्त्याची बिले. आपण कोणत्या तारखेला कोणत्या गावी कशासाठी होतो हे त्या बिलाइतके प्रामाणिकपणे कोणीच सांगत नाही, कारण त्यावर पैसे अवलंबून होते. १९८८ च्या दिवाळीत मी एका साखर कारखान्यावर बंद पडलेल्या यंत्रापाशी चार रात्री काढल्या, अशी माझी पक्की आठवण होती आणि ती मी घरी अनेकदा सांगितलीही होती. बिलावर तारीख निघाली फेब्रुवारी १९८९ ची. हंगाम ऐन भरात होता, पंधरवड्याची ऊस बिले अडली होती, आणि आठवणीतले फटाके भलत्याच कुठल्या वर्षाचे होते.

ज्या कागदावर तारीख नाही त्याचा काळ इतर खुणांवरून ठरवता येतो. व्हिजिटिंग कार्डावरील कोल्हापूरचा दूरध्वनी क्रमांक सहा आकडी असेल, तर ते कार्ड क्रमांकापूर्वी २ लागण्याच्या आधीचे आहे. पेजरचा (फक्त निरोप दाखवणाऱ्या खिशातल्या यंत्राचा) क्रमांक असेल तर ते नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातले, कारण त्या यंत्राचे आयुष्यच तेवढे होते. इंटरनेटवरील ई-मेलचा पत्ता असेल तर आपल्याकडे ते कार्ड बहुधा १९९५ नंतरचे, कारण विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

एका कागदाबाबत मात्र घाई करावी. फॅक्सचा तो गुळगुळीत, गुंडाळी होणारा कागद उष्णतेने काळा होणाऱ्या लेपाचा असतो आणि त्यावरील अक्षरे वर्षागणिक फिकट होत जातात. असे कागद हाती येताच त्यांचे छायाचित्र घ्यावे किंवा साध्या कागदावर झेरॉक्स काढावी. ते जपण्याच्या हेतूने लॅमिनेशन करू नये. लॅमिनेशनच्या उष्णतेने संपूर्ण कागद काळा पडतो. माझ्या पहिल्या मोठ्या ऑर्डरचा फॅक्स मी असाच जपला, आणि आता तो काळ्या पाटीसारखा दिसतो.

फ्लॉपीत अडकलेली वर्षे

संगणकाच्या माणसाचे निम्मे कागद कागदावर नसतातच. १९८५ ते २००० या काळातील पत्रे, अहवाल आणि हिशेब सव्वापाच इंची आणि साडेतीन इंची फ्लॉपींवर पडून असतात, आणि आपल्याकडचा पावसाळा त्यांच्या वाईटावर असतो. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी तिच्या खिडकीतून चकती उजेडात पाहावी. पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी समजावी आणि तशी फ्लॉपी आत घालू नये, कारण तिच्यामुळे ड्राइव्हचे हेड खराब होते आणि नंतर घातलेल्या चांगल्या फ्लॉपीही ओरखडल्या जातात. जी फ्लॉपी चांगली दिसते तिच्यावर काहीही लिहिले जाणार नाही अशी तजवीज आधी करावी : सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करावी, साडेतीन इंची फ्लॉपीचे छोटे भोक सरकपट्टी हलवून उघडे ठेवावे. ही दोन्हींची परस्परविरुद्ध तऱ्हा आम्ही नव्या अभियंत्यांना पहिल्याच दिवशी घोकून घ्यायला लावत असू.

साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यू.एस.बी.ला जोडता येणारे ड्राइव्ह आजही विकत मिळतात. सव्वापाच इंचीसाठी मात्र जुने चालू यंत्र तरी हवे, किंवा हौशी मंडळी वापरतात तसा जुना ड्राइव्ह आजच्या संगणकाला जोडणारा खास कंट्रोलर तरी हवा. वाचताना एकेक फाइल उघडून बघत बसू नये. आधी संपूर्ण चकतीची जशीच्या तशी प्रत काढावी आणि पुढचे सर्व काम त्या प्रतीवर करावे, कारण अशी फ्लॉपी कदाचित एकदाच वाचली जाते.

फाइल उघडल्यावर अक्षरे विचित्र दिसली तर घाबरून ती टाकून देऊ नये. वर्डस्टार या जुन्या लेखनाच्या कार्यक्रमात केलेल्या पत्रात बहुतेक शब्दांचे शेवटचे अक्षर बिघडलेले दिसते, कारण तो कार्यक्रम शब्दाच्या अखेरच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या सोयीसाठी वापरत असे. एका छोट्या रूपांतराने ते सरळ होते. मराठी मजकुराची तऱ्हा निराळी आहे. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठी ठरलेल्या एकाच संकेतपद्धतीत, हाताळण्याची सोय झाली, पण त्यापूर्वीच्या आणि नंतरच्याही बऱ्याच काळातील मराठी फाइलींमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. तो ठराविक फाँट नसेल तर ‘कोल्हापूर’ हा शब्द इंग्रजी अक्षरांच्या अर्थहीन माळेसारखा दिसतो. फाँटचे नाव शोधावे, त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे साधन वापरावे, आणि रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे व पहिली वेलांटी डोळ्यांत तेल घालून तपासावी. चुका हमखास तेथेच राहतात.

कीर्दीची वही

कागद जमल्यावर दोनशे पानांची आडवी वही घ्यावी आणि प्रत्येक वर्षाला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर त्या वर्षी धंद्यात काय घडले ते लिहावे, उजव्या पानावर आपण काय करत होतो ते. वाक्ये सजवू नयेत, क्रमाचीही काळजी करू नये. १९९२ ची नोंद करताना १९८७ चे काही आठवले तर पान उलटून तेथे टिपून यावे.

ही दोन पाने शेजारी आली म्हणजे ज्या गोष्टी आपण एकाच काळातील समजत होतो त्यांच्यातील अंतर उघडे पडते. आय.बी.एम.चा वैयक्तिक संगणक अमेरिकेत जाहीर झाला १२ ऑगस्ट १९८१ रोजी : इंटेल कंपनीचा ८०८८ प्रोसेसर (गणना करणारी मुख्य चिप), ४.७७ मेगाहर्ट्झ वेग आणि सर्वांत स्वस्त नमुन्यात अवघी १६ किलोबाइट मेमरी. त्याचे बहुतेक भाग बाजारात मिळणारे होते, म्हणून इतरांना तसेच यंत्र बनवता आले. माझ्या उजव्या पानावर मात्र असे पहिले यंत्र मी १९८५ च्या पावसाळ्यात उघडल्याची नोंद आहे. मधली वर्षे कुठे गेली याचे उत्तर पुन्हा डाव्या पानावर मिळते : राजीव गांधी सरकारचे नवे संगणक धोरण आले नोव्हेंबर १९८४ मध्ये, आणि त्याने सुट्या भागांची आयात व जुळणी सोपी केली. गंमत अशी, की आय.बी.एम. स्वतः १९७८ साली भारतातून निघून गेली होती. त्यामुळे आम्ही कित्येक वर्षे ‘आय.बी.एम. कॉम्पॅटिबल’ म्हणून जे विकत होतो त्याची मूळ कंपनी आमच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी पाहिलेलीही नव्हती.

किमतीचा आकडा एकटा लिहू नये. यंत्राच्या किमतीशेजारी त्याच महिन्यातला आपला पगार लिहावा आणि शक्य झाल्यास आपल्या गावच्या बाजारातील एखादा दर लिहावा. मी गुळाचा क्विंटलचा दर लिहितो, कारण वडिलांच्या टिपणांत तो मिळतो. नातवाला रुपयाचे तेव्हाचे मोल समजत नाही, पण एका यंत्राच्या किमतीत किती गाड्या गूळ आला असता हे समजते.

क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदी मुळीच गाळू नयेत. संगणकाची खोली म्हणजे वातानुकूलित, काचेच्या दाराची, आणि देवघरासारखी चपला बाहेर काढून जाण्याची. शिवाजी उद्यमनगरातील फाउंड्रीत ओतकामाची काळी बारीक धूळ ड्राइव्हच्या हेडवर बसत असे, आणि साखर कारखान्यात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोयट्यांचा, भुसा पंख्यात अडकत असे, म्हणून एकाच नमुन्याच्या यंत्राची दुरुस्ती उद्यमनगरात वेगळी आणि कारखान्यावर वेगळी होती. विजेचा दाब वरखाली झाला की संगणकाआधी स्टॅबिलायझरच खोलावा लागे. मुख्य कार्यालयातल्या अहवालांत यातले एक अक्षरही येत नसे, आणि मी स्वतः पुढे मुख्य कार्यालयात गेल्यावर तसेच अहवाल मागवू लागलो.

निर्णयाचे पान

मोठ्या पदावर काम केलेल्या माणसाच्या लिखाणात सर्वाधिक खोटेपणा शिरतो तो निर्णयांच्या वर्णनात, आणि तो बहुतेक वेळा जाणूनबुजून केलेला नसतो. परिणाम ठाऊक झाल्यानंतर आधीचे न-ठाऊकपण आठवणे कठीण असते. यावर उपाय म्हणून प्रत्येक मोठ्या निर्णयाला वहीत स्वतंत्र पान द्यावे. त्यावर तारीख, त्या दिवशी हाती असलेली माहिती, समोर असलेले पर्याय, कोण विरुद्ध बोलले आणि काय ठरले, एवढेच लिहावे; परिणाम पानाच्या मागच्या बाजूला लिहावा, आणि पुढची बाजू पूर्ण झाल्याशिवाय पान उलटू नये.

माझ्या स्वतःच्या एका पानावरून हे स्पष्ट होईल. विंडोज ९५ बाजारात आले २४ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याला किमान ४ मेगाबाइट मेमरी लागे, पण धड चालण्यासाठी ८ हवी असे. गेली दोनतीन वर्षे मेमरी महाग आणि दुर्मीळ होती, आणि नव्या विंडोजमुळे मागणी भडकणार हे सगळेच सांगत होते. त्या वर्षाच्या अखेरीस मी सहा महिने पुरेल इतकी मेमरी एकदम खरेदी करण्याची शिफारस केली आणि ती मान्य झाली. पान उलटले की १९९६ : त्याच मागणीच्या आशेने जगभरातील उत्पादकांनी क्षमता वाढवून ठेवली होती, मेमरीचे भाव कोसळले, आणि आमच्या गुदामात चढ्या भावाचा माल पडून राहिला.

दुसऱ्या वहीत मी या प्रसंगाला दोन ओळी दिल्या होत्या आणि ‘कोणालाही कल्पना नव्हती’ असे म्हटले होते. निर्णयाचे पान भरताना विरोधाच्या रकान्यासाठी जुनी फाइल काढली, तेव्हा तीत खरेदी विभागातील एका सहकाऱ्याची हाताने लिहिलेली टीप निघाली. त्याने म्हटले होते, की जो पुरवठादार कालपर्यंत आगाऊ रक्कम मागत होता तो आता पंचेचाळीस दिवसांची उधारी स्वतःहून देऊ करत आहे, म्हणून महिन्यामहिन्याची खरेदी करावी. टिपेवर कोपऱ्यात माझी सही आहे, म्हणजे ती मी वाचली होती. गुळाच्या पेठेतील कोणत्याही दिवाणजीला या टिपेचा अर्थ क्षणात कळला असता : रोखीने विकणारा उधार देऊ लागला, की त्याच्या गुदामात माल तुंबला आहे. मी दिवाणजीचा मुलगा असून मला तो कळला नाही, कारण माझ्या टेबलावर परदेशी सल्लागारांचे छापील अंदाज होते आणि टीप मात्र पाठकोऱ्या कागदावर होती. दोन ओळींचा तो प्रसंग आता माझ्या वहीत नऊ पानांचा झाला आहे.

यशस्वी निर्णयांनाही हीच शिस्त लावावी; किंबहुना तेथे ती अधिक लागते. १९९७ साली भारत आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि पुढे २००५ पर्यंत संगणकावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. त्यामुळे देशात जुळणी करणाऱ्या अनेकांचे गणित बिघडले. आम्ही जुळणीचा विभाग त्याच सुमारास आटोपला होता, आणि माझ्या निरोप समारंभात त्याचा उल्लेख माझी दूरदृष्टी म्हणून झाला. पानाच्या पुढच्या बाजूला खरे कारण आहे : जागेचा भाडेकरार संपला होता आणि मालकाने दुप्पट भाडे मागितले होते.

आपलीच जुनी पत्रे सापडली तर ती न सुधारता उतरवून घ्यावीत. पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातील दोष १९९४ च्या अखेरीस उघड झाला, तेव्हा इंटेलची पहिली भूमिका अशी होती की सामान्य वापरणाऱ्याला त्याचा त्रास होणार नाही. डिसेंबरात त्यांनी मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य केले आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद केली. मधल्या काही आठवड्यांत एका प्राध्यापकांनी मला विचारणा केली होती, आणि मी त्यांना ‘४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागण्याची वेळ आपल्यावर केव्हा येणार?’ (याच आकड्यांच्या भागाकारात तो दोष दिसे) अशा आशयाचे तोऱ्यातले उत्तर पाठवले होते. ते पत्र वहीत जसेच्या तसे आहे.

दुसऱ्याच्या कीर्दीशी ताळा

दोन पेढ्यांचा व्यवहार असेल तर दोन्ही कीर्दी समोर ठेवून ताळा घेतला जातो. आठवणींचेही तसेच करावे. ज्या प्रसंगात आणखी कोणी होते त्या माणसाला भेटावे, त्याची हरकत नसेल तर मोबाइलवर त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, आणि आपली हकीकत त्याला आधी ऐकवू नये. ऐकवली की तो सभ्यपणे होकार देतो आणि ताळा फुकट जातो. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने या धंद्यातील अनेकांच्या अशा तपशीलवार मुलाखती नोंदवून ठेवल्या आहेत. प्रश्न कसे विचारावेत हे समजण्यासाठी त्यांतील दोनचार वाचून पाहण्यासारख्या आहेत : तेथे ‘कसे वाटले?’ असे फारसे कोणी विचारत नाही, ‘तेव्हा खोलीत कोण कोण होते?’ असे विचारतात.

ताळा जुळला नाही तर दोन्ही हकीकती लिहाव्यात. या धंद्यातील सर्वांत गाजलेल्या दिवसाचीही हकीकत एक नाही. १९८० साली आय.बी.एम.ची माणसे आपल्या येऊ घातलेल्या वैयक्तिक संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ कार्यक्रमासाठी, पॅसिफिक ग्रोव्ह येथे गॅरी किल्डॉल यांच्या डिजिटल रिसर्च या कंपनीत गेली. किल्डॉल विमान उडवायला गेले आणि त्यांनी संधी घालवली, अशी दंतकथा रूढ झाली. प्रत्यक्षात ते स्वतःचे विमान घेऊन कामानिमित्तच एका गिऱ्हाइकाकडे गेले होते. कंपनीचे व्यवहार पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी डॉरोथी कार्यालयात होत्या, आणि गुप्ततेच्या करारावर सही करण्यावरून बोलणे अडले. त्यानंतर त्याच दिवशी काय झाले याबद्दल तेथे हजर असलेल्यांच्या आठवणी शेवटपर्यंत जुळल्या नाहीत. तसेच ‘६४० किलोबाइट मेमरी कुणालाही पुरेल’ हे वाक्य बिल गेट्स यांच्या नावावर जगभर खपते, पण त्यांनी ते म्हटल्याचे नाकारले आहे आणि त्याचा मूळ आधार कोणाला दाखवता आलेला नाही. आपल्या साहेबांच्या तोंडी आपण जी चटकदार वाक्ये घालतो त्यांच्याकडे या नजरेने एकदा पाहावे. माझ्या वहीतील अशी सात वाक्ये मी काढून टाकली. त्यांतील दोन बहुधा माझीच होती.

खतावणी

कीर्द भरली की मगच खाती पाडावीत. पदांची खाती पाडू नयेत. ‘शाखा व्यवस्थापक असताना’, ‘विभागीय व्यवस्थापक असताना’ अशी प्रकरणे वाचकाला काहीच देत नाहीत. खाती विषयांची असावीत, आणि ती कीर्दीतूनच वर आली पाहिजेत. माझ्या वहीत पाच खाती निघाली : धूळ आणि वीज, उधारी, माणसे, चुका, आणि भाषा. शेवटचे खाते निघेल असे मला वाटलेही नव्हते.

कीर्दीत वर्षानुवर्षांच्या पानांवर एकच नोंद फिरून फिरून येत होती : गिऱ्हाइकाने मराठीबद्दल विचारले. कारखान्याने विचारले, दूध संस्थेने विचारले, पतसंस्थेने विचारले. शेतकऱ्याच्या ऊस बिलावर त्याचे नाव रोमन लिपीत छापले जाई, आणि पाटील सोडले तर बाकीची आडनावे वाचताना घोटाळा होई. सोय नव्हती असे नाही. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानाचे कार्ड उपलब्ध केले होते, जे डॉस या विंडोजपूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या यंत्रात बसवले की पडद्यावर आणि छपाईत देवनागरी येत असे. भारतीय लिप्यांसाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलकही त्याआधीच ठरलेला होता. पण कार्डाने किंमत वाढत होती, आणि निविदेत आमचा आकडा खाली राहावा म्हणून मी ते कोटेशनमधून काढत असे. एकेका वर्षाकडे पाहिले तर ती व्यवहारी गोष्ट दिसते. खाते एकत्र मांडले तेव्हा दिसले, की गिऱ्हाईक पंधरा वर्षे एकच वस्तू मागत होते आणि मी पंधरा वर्षे त्याला दुसरी विकत होतो.

याच खात्यात मी वारणेची नोंद घेतली आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातील कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत संगणक केंद्रे उभारून ती जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेजेस’ प्रकल्प सुरू झाला, आणि आम्हा विक्रेत्यांना त्यात संगणकाचे भविष्य दिसले. पुढच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा आढळले की केंद्रांचा वापर मुख्यतः ऊसाची वजने, खत अशा कारखान्याच्या नेहमीच्या नोंदींसाठी होत होता, आणि काही गावांत त्यांनी संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील एस.एम.एस.ने तेच काम करून दाखवले. शेतकऱ्याला आपल्या ऊसाचे वजन हवे होते. ते सांगणारी पेटी केवढी आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. वैयक्तिक संगणक विकण्यात हयात घालवलेल्या माणसाने हे खाते लिहिताना हात थोडा आखडतोच, पण लिहावे.

काय रोखून धरावे

नोकरी सोडताना सही केलेला गुप्ततेचा करार आधी वाचावा. त्यातील मुदत आणि विषय पाहावेत, शंका असेल तर वकिलाला विचारावे. जे कागदावर सिद्ध करता येणार नाहीत असे आरोप, विशेषतः टक्केवारीचे, नावानिशी लिहू नयेत. हाताखालच्या माणसांच्या चुका लिहिताना तर अधिकच जपावे, कारण आपला शब्द छापला जातो आणि त्यांचा छापला जात नाही. ज्याच्याविषयी पानभर लिहिले आहे त्याला ते पान छपाईपूर्वी दाखवावे. उधारीच्या टिपेवरील नऊ पाने मी त्या सहकाऱ्याला पुण्याला जाऊन दाखवली. त्यांना ती टीप आठवतच नव्हती. त्यांनी फक्त शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या.

प्रती, आणि ते जुने यंत्र

लिखाणाच्या तीन प्रती ठेवाव्यात : एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक छापून, बांधून. मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि कोणत्याही एका कंपनीच्या कार्यक्रमावाचून उघडेल अशा साध्या स्वरूपातही जतन करावा. फ्लॉपी उपसल्यानंतर हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. तिन्हींपैकी एक प्रत कोल्हापूरबाहेर असावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २००५, २०१९ व २०२१ साली पाणी कुठवर आले हे ज्याच्या घरात शिरले त्याला सांगावे लागत नाही. माझ्या दुकानदार मित्राच्या तळघरातील वीस वर्षांची बिलबुके २०१९ मध्ये लगदा झाली. कागद भिजलेच तर ते उन्हात टाकू नयेत आणि एकमेकांना चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. पंख्याखाली सावलीत, मध्ये कोरे टीपकागद घालून वाळवावेत.

माळ्यावर जुने २८६, ३८६ किंवा ४८६ यंत्र असेल तर आठवण म्हणून ते लगेच चालू करून पाहू नये. इतक्या वर्षांनी वीजपुरवठ्यातील कपॅसिटर फुटण्याचा संभव असतो, म्हणून तो भाग आधी जाणत्याकडून तपासून घ्यावा. त्याही अगोदर पेटीचे झाकण काढून मदरबोर्डवर पिंपाच्या आकाराची, बहुधा निळ्या आवरणाची छोटी बॅटरी आहे का ते पाहावे. ही निकेल-कॅडमियम बॅटरी कालांतराने गळते आणि तिचा क्षार बोर्डवरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. हातमोजे घालून ती बारीक कटरने पायांपाशी कापून काढावी, हिरवट डाग व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावेत, आणि काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. माझ्या यंत्रातील बॅटरी काढताना तिच्याखाली १९९१ साली मीच लावलेली सर्व्हिसची चिठ्ठी निघाली. तारीख वाचता येत होती, सही क्षाराने गेली होती. ती नोंद त्याच दिवशी वहीत चढवली.